अडीच किलोची प्लेट

वर्षाचे 18,000, सहा महिन्यांचे 11,000, तिमाही 6,500, आणि महिन्याच्या महिन्याला भरायचे तर 2,500. आमच्या सहकारनगरातल्या एका जिमचा हा दर. काउंटरवरच्या मुलीनं तो कागदावर लिहून दिला आणि वर्षाच्या आकड्याभोवती पेनानं गोल केला. ‘वर्षाचं घेतलं तर महिन्याला पंधराशेच पडतात, मॅडम,’ ती म्हणाली. तिचं बरोबरच होतं. आता जीएसटीही कमी झालाय, हेही तिनं आवर्जून सांगितलं. 22 सप्टेंबर 2025 पासून जिमवरचा कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. म्हणजे 18,000 वर आधी 3,240 रुपये कर भरावा लागला असता, तिथं आता 900.

घरी येऊन मी तो कागद खालून वर वाचायला लागले. 18,000 ला 2,500 नं भागलं की सात आणि वर थोडं येतं. म्हणजे सात महिन्यांच्या आत जाणं थांबलं, तर सगळ्यात महाग दिसणारा महिन्याचा दरही वर्षाच्या पॅकेजपेक्षा स्वस्त ठरतो. आठवा महिना लागला की मग कुठं वर्षाचं पॅकेज परवडायला लागतं. तेव्हा वर्षाची फी भरणारा माणूस खरं तर एक पैज लावत असतो, की आठव्या महिन्यातही मी इथं येत असेन. जानेवारीत भरले तर आठवा महिना ऑगस्ट. ऑगस्टमध्ये पुण्यात पाऊस असतो, श्रावणातले उपास असतात, सत्यनारायण, मंगळागौरी, येणंजाणं, आणि डोक्यावर गणपतीची तयारी. बाईमाणसानं ही पैज लावताना जानेवारीतला उत्साह मोजून उपयोग नाही, तिनं ऑगस्टचं कॅलेंडर समोर धरावं.

या पैजेचा शास्त्रशुद्ध अभ्यास झालेला आहे. स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उल्रिके माल्मेंडिअर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या 7,752 सभासदांची तीन वर्षांची हजेरी तपासली आणि 2006 मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. महिन्याला 70 डॉलरहून अधिक फी भरणारे सभासद सरासरी महिन्यातून 4.3 वेळा येत होते. एका खेपेला त्यांना 17 डॉलरहून जास्त पडत होते. त्याच क्लबांत दहा खेपांचा पास घेतला असता तर एका खेपेला 10 डॉलरच पडले असते. ही माणसं अडाणी नव्हती. उद्याच्या स्वतःवर त्यांचा जरा जास्त विश्वास होता, इतकंच. शेवटचं जिमला गेल्यापासून सभासदत्व रद्द करेपर्यंत सरासरी दोन महिन्यांहून अधिक काळ जायचा, आणि तोवर खात्यातून पैसे जात राहायचे.

मात्र हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलून इथं चालत नाही. तिथं महिन्याचा करार आपोआप पुढं चालू राहतो. माणूस काही न करता बसला तर तो पैसे भरत राहतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी महिना संपला की काउंटरवर जाऊन किंवा फोनवरून पुन्हा पैसे द्यावे लागतात. काही न करता बसलं तर खर्च तिथंच थांबतो. उलट वर्षाची रक्कम आधीच एकरकमी गेलेली असते, आणि पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की एकदा भरलेली फी कोणत्याही कारणानं परत मिळणार नाही. बाळंतपण असो, बदली असो, हाड मोडलेलं असो. म्हणून तिथल्या सावध माणसानं महिन्याचा करार टाळावा, आणि इथल्या सावध माणसानं सुरुवातीला तोच किंवा फार तर तिमाही घ्यावा, असं माझं मत झालं. मध्ये खंड पडला तर दिवस पुढं ढकलून मिळतील का, हेही तोंडी न विचारता पावतीवर लिहून घ्यावं.

हे झालं पैशाचं. पण मुळात काय विकत घ्यायचं आहे, हा प्रश्न त्यात आलाच नव्हता.

‘टेकडी आहे ना!’ पुण्यात जिमचा विषय काढला की पाच मिनिटांत कुणी तरी हे म्हणतंच. पर्वतीच्या 103 पायऱ्या, तळजाईचं पठार, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी. पहाटे निघावं, हवा चांगली, तळजाईला मोर दिसतात, वर पैसा लागत नाही. मी स्वतः टेकडीच्या बाजूची आहे आणि शेवटपर्यंत राहीन. लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी दुमजली बसचे चालक आणि कंडक्टर यांची तुलना केली होती, 1953 मध्ये ती प्रसिद्ध झाली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्यांपेक्षा बसचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. व्यायाम आणि हृदय यांचं नातं सांगणारं पहिलं मोठं काम ते हेच. त्यात कुठंही फी नव्हती, मशीन नव्हतं, एक जिना होता. पर्वती तेच देते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीत आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल सांगितली आहे. रोज अर्धा तास भरभर चालणारा माणूस या वाक्यात बसतो आणि समाधानानं तिथंच वाचायचं थांबतो. पण पुढं आणखी एक वाक्य आहे: आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. चालणं या दुसऱ्या वाक्याचं काम करत नाही. रोज पर्वती चढणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणींचा दम माझ्यापेक्षा चांगला आहे, पण माळ्यावरचा डबा काढायला दोघीही मुलांना हाक मारतात.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आमचं घर हळूहळू उंच होत गेलं. पाट गेले, डायनिंग टेबल आलं. विळी माळ्यावर गेली आणि ओट्यावर सुरी नि चॉपिंग बोर्ड आला. पाटा-वरवंट्याच्या जागी मिक्सर. देवघर भिंतीवर छातीच्या उंचीला बसवलं. बाबांच्या गुडघ्यांसाठी जुना संडास फोडून कमोड बसवून घेतला. गाद्या जमिनीवरून पलंगावर गेल्या, फरशी उभ्यानं मॉपनं पुसायची झाली. यातला प्रत्येक बदल त्या त्या वेळी गरजेचा होता आणि मला त्यातला एकही मागं फिरवायचा नाही. पण प्रत्येक बदलानं दिवसातलं एकेक बसणं-उठणं काढून घेतलं. सकाळी पलंगावरून उठून रात्री पलंगावर जाईपर्यंत जमिनीवर एकदाही बसावं लागू नये, असा दिवस आता सहज जातो. वटपौर्णिमेला किंवा कुणाच्या वास्तुशांतीला पाटावर बसायची वेळ आली की बायका आधी आजूबाजूला भिंत शोधतात, उठताना धरायला.

आई खुर्चीतून कशी उठते ते मी रोज बघते. तिनं ऐंशी ओलांडलीय. आधी ती खुर्चीच्या कडेपर्यंत पुढं सरकते, पावलं मागं घेते, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवते, पुढं-मागं झुलून अंदाज घेते आणि मग ‘हं’ म्हणून जोर लावते. मनगटांवर शिरा उभ्या राहतात. मांड्या जवळपास काहीच करत नाहीत, सगळं अंग दंडांनी वर ढकललेलं असतं. त्यामुळे ज्याला हात नाहीत त्या सोफ्यावर बसणं तिनं सोडूनच दिलंय. लग्नकार्यात कुणी प्रेमानं बिनहाताची खुर्ची पुढं केली की ती म्हणते, ‘असू दे, मला उभंच बरं वाटतं.’ मग तासभर ती उभी राहते. कुणाला कळत नाही का ते. मला कळतं, आणि त्या तासभरात माझं लक्ष कार्यात लागत नाही.

ब्राझीलमधल्या क्लाउदिओ जिल अरौजो या डॉक्टरांनी 51 ते 80 या वयातल्या 2,002 जणांना एवढंच सांगितलं होतं की जमिनीवर बसा आणि उठा. दहापैकी गुण. हात, कोपर, गुडघा जे काही टेकेल त्याचा एक गुण वजा, तोल गेला तर अर्धा. पुढची काही वर्षं या लोकांचा पाठपुरावा केला, तेव्हा सगळ्यात कमी गुण असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण चांगले गुण असलेल्यांच्या कितीतरी पट निघालं. 2012 मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर लोकांनी त्याचा अर्थ फार सोपा करून घेतला. जमिनीवरून उठता आलं म्हणजे आयुष्य वाढलं, असं त्यातून निघत नाही. ताकद, तोल, सांध्यांची लवचीकता, वजन, जुने आजार, अशा बऱ्याच गोष्टी त्या एका उठण्यात एकदम दिसतात. मला त्यातलं आयुष्याचं गणित तितकंसं महत्त्वाचं वाटलं नाही. मला वाटलं, या परीक्षेत जमिनीवर बसावं लागतं, आणि जमिनीवर मांडी घालून बसणं ही आपल्या घरांतली इतकी साधी गोष्ट होती की तिला कुणी गुण द्यावेत असं कधी सुचलंच नाही.

इथं हमखास आजी पुढं केली जाते. आमच्या आजीला कुठं जिम लागली होती? हा युक्तिवाद मला मान्य नाही. माझी आजी जात्यावर दळायची, विहिरीचं पाणी शेंदायची, अंगण सारवायची. तिच्या अंगात ताकद होती, यात शंका नाही. पण तो भार तिनं निवडलेला नव्हता. ताप असताना तोच हंडा, सातव्या महिन्यात तोच हंडा, बाळंतपणातून उठल्यावर पुन्हा तोच. सगळ्यांची पानं झाल्यावर जे उरेल ते तिच्या ताटात. साठीच्या आधी तिची पाठ वाकली ती कायमची. कष्टानं शरीर घडतं तसं झिजतंही. व्यायामात भार किती घ्यायचा हे आपण ठरवतो, कधी थांबायचं हे आपण ठरवतो, आणि नंतर अंगाला विश्रांती आणि अन्न मिळतं. आजीला यातलं एकही मिळालं नाही. तिच्या कष्टांना मोफत जिम म्हणणं हा मला तिचा अपमान वाटतो.

भार ठरवता येणं, हीच त्या 2,500 रुपयांतली खरी वस्तू आहे, हे मला ट्रायलच्या दिवशी पटलं.

बाहेरून जिम ही बलदंडांची जागा वाटते. काचेतून दिसतात ती आरशासमोर दंड फुगवणारी पोरं आणि कानावर येतं ते ढॅणढॅण संगीत. मी दुपारी गेले, तेव्हा आत मोजकी माणसं होती. ट्रेनर इंदापूरकडचा, अंगानं जुना पैलवान. त्यानं मला लॅट पुलडाउनच्या मशीनवर बसवलं. समोर लोखंडी पाट्यांची चवड, प्रत्येकीवर आकडा: 5, 10, 15, 20, असं खालपर्यंत. मध्ये भोकं, आणि दोरीला बांधलेली एक पिन. त्यानं पिन 10 च्या भोकात सारली. ‘काकू, दांडा छातीपर्यंत आणायचा. खांदे वर नाही जाऊ द्यायचे. आणि श्वास रोखायचा नाही.’ मी दांडा खाली ओढला, पाटी वर गेली. पुन्हा ओढला. पाठीच्या मधोमध, जिथं मला स्नायू आहेत हेच ठाऊक नव्हतं, तिथं काही तरी जागं झालं. दहा वेळा झाल्यावर त्यानं विचारलं, ‘अजून किती निघाले असते?’ मी म्हटलं, चारपाच. मग तो कोपऱ्यातून अडीच किलोची एक छोटी प्लेट घेऊन आला आणि चवडीच्या वर ठेवली. ‘15 वर उडी नाही मारायची. हे पुरे आज.’

या अडीच किलोंचा मी नंतर पुष्कळ विचार केला. मला बारला लटकून अंग वर ओढता येत नाही, कधीच येत नव्हतं. जोर काढायचे तर अंगाचं निम्म्याहून अधिक वजन हातांवर येतं, तेही जमत नाही. सूर्यनमस्काराला जागा लागते ती माणसाच्या लांबीएवढी आणि खर्च काहीच नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत तो सक्तीचा केला होता आणि त्याचा प्रसार हे आयुष्याचं काम मानलं. ज्याला तो नीट जमतो त्यानं जिमकडं न बघताही चालेल, असं मी मनापासून म्हणते. पण त्यातही अंग खाली नेताना मनगटांवर आणि खांद्यांवर जे येतं ते आपलंच वजन असतं, आणि ते कमी-जास्त करायची सोय नसते. बागेतल्या ओपन जिमचंही तेच. महापालिकेच्या बागांत ती रंगीत मशीन आता सगळीकडे आहेत, संध्याकाळी तिथं गर्दी असते, आणि ती असावीतच. पण त्यांना पिन नाही. बहुतेक मशीनवर आपण आपलंच वजन ढकलतो किंवा उचलतो. अशक्त माणसाला स्वतःचं शरीर हेच पहिलं न पेलणारं ओझं असतं. त्याला स्वतःपेक्षा हलकं काही तरी आधी लागतं, आणि मग त्याहून थोडं जड, आणि मग त्याहून थोडं. दहा किलो, साडेबारा, पंधरा. ही शिडी घरात नाही, टेकडीवर नाही, बागेत नाही. ती जिममध्ये आहे, आणि तिच्या सगळ्यात खालच्या पायऱ्या माझ्यासारखीसाठी आहेत.

वजन असं पायरीपायरीनं वाढवायची रीत अमेरिकेतल्या टॉमस डिलॉर्म या लष्करी डॉक्टरनं दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर वापरली आणि 1945 मध्ये मांडली. मोडलेले पाय, वाळलेल्या मांड्या. म्हणजे आजच्या जिममधली ही मूळ कल्पना आजारी माणसांच्या वॉर्डातून आलेली आहे. पुढं 1990 मध्ये बोस्टनच्या एका वृद्धांच्या संस्थेत मारिया फिआतारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा जणांच्या मांड्यांना आठ आठवडे वजनाचा व्यायाम दिला. त्यांतला सगळ्यात तरुण 86 वर्षांचा होता, सगळ्यात वयस्क 96 चा. एकानं मध्येच सोडलं. उरलेल्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. दोघांच्या हातातली काठी सुटली. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठता येत नाही असे त्यांत तिघं होते, त्यांच्यातल्या एकाला उठता यायला लागलं.

तिघांतला एक. 174 पेक्षा मला हा आकडा जास्त विश्वासाचा वाटतो. सगळ्यांना सगळं परत मिळत नाही, हे तो लपवत नाही. आणि नव्वदीतही दार पूर्ण बंद झालेलं नसतं, हेही तोच सांगतो. हे वाचल्यावर मी उठून आईच्या खोलीत गेले. ती तेव्हा झोपली होती, म्हणून काही बोलले नाही.

ट्रेनरशी नंतर बरंच बोलणं झालं. तो पुण्यात कुस्तीसाठी आला होता. या शहरात खालकर तालीम, नगरकर तालीम, चिंचेची तालीम ही नावं आता पत्ता सांगायला जास्त वापरतात, पण काही तालमींत अजून पहाटे हौदा खणला जातो. तालमीत फी किती असायची, मी विचारलं. ‘फी नावालाच हो काकू. खर्च खुराकाचा.’ दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. दर महिन्याला घरून पैसे यायचे आणि वडील उसाचं बिल आलं की आधी खुराकाचे पैसे बाजूला काढायचे. धाकट्या पैलवानांनी माती खणायची, तीत तेल, ताक, हळद घालायची, झाडलोट करायची, मोठ्यांचं अंग रगडायचं. त्या बदल्यात वस्ताद डाव शिकवायचा आणि कानही पिळायचा. गुडघ्याचा लिगामेंट गेला आणि त्याची कुस्ती संपली. आता तो फॉर्म, म्हणजे व्यायामातली अंगाची नीट ठेवण, बसवायला शिकवतो, आणि शिकवतो ते वस्तादासारखंच, नजर न काढता.

हे ऐकताना मला तालमीचा हेवा वाटला. शरीर कमावण्याला पैशाचा व्यवहार न मानणारी ती रीत मोठी आहे. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी 1924 मध्ये महाराष्ट्रीय मंडळ काढलं, अमरावतीला वैद्य बंधूंनी 1914 मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं, ते याच भावनेनं. पण त्याच वेळी मनात आलं, की त्या लाल मातीपाशी मला कुणी येऊ दिलं असतं का? काही संस्थांनी मुलींना मल्लखांब शिकवला, लेझीम शिकवलं, हे खरं आहे. गल्लीतली तालीम मात्र पुरुषांची होती. मुलगे लंगोट लावून जायचे आणि मुली त्या बाजूनं जाताना मान खाली घालायच्या. पुरुषांची महाराष्ट्र केसरी 1961 पासून आहे. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी 2023 मध्ये सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. मधली साठ वर्षं कुठं गेली? जिमचं दार पैसे घेऊन उघडतं, यात मला एक न्याय दिसतो. फी भरली की तिथं कुणाची मुलगी, कुणाची सून, वय किती, हे विचारत नाहीत. फुकट होतं ते आम्हाला नव्हतं. विकत आहे ते आम्हाला आहे.

तरीही बाईला स्वतःच्या अंगासाठी पैसे खर्च करताना घराला कारण द्यावं लागतं. आमच्या घरात कुणी वाईट बोललं नाही. ‘अगं, घरी काम काय कमी असतं का, त्यात होतोच की व्यायाम,’ एवढंच हे म्हणाले, प्रेमानंच. मुलाच्या क्लासची फी भरताना ती वसूल होईल का असं आम्ही विचारलं नाही. नवरात्रात साडी घेतली तेव्हा एका नेसण्याला किती पडली, असं कुणी भागून बघितलं नाही. औषधांचं बिल तर निमूट भरतो. जिमच्या फीला मात्र लगेच हजेरीनं भाग. तो भागाकार करायला माझी हरकत नाही, वर केलाच आहे. पण तो एकट्या याच खर्चाला का लागतो, हे मी यांना विचारलं. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, ‘खरंय.’

जिमवाले स्वतः जो हिशेब सांगतात तो मला पटत नाही. एका ऑपरेशनच्या खर्चात किती वर्षांची फी बसते बघा, असा फलक तिथं लावलेला आहे. जिमला जाणाऱ्याला ऑपरेशन करावं लागत नाही, असं थोडंच आहे? विम्याचा हप्ता भरावाच लागतो, तो काही यातून वाचत नाही. भीती दाखवून विकलेली गोष्ट भीती ओसरली की सुटते. मला म्हातारपणाचा खर्च वाचवायचा नाही. आत्ता, या वयात, कांद्याची दहा किलोची पिशवी रिक्षातून काढून जिना चढायचा आहे, आणि पुढं कधी नातवंड झालं तर त्याच्याबरोबर जमिनीवर बसायचं आहे, आणि उठायचंही आहे.

मग अटी ठरवल्या. घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत. रिक्षा करावी लागली की फी दुप्पट झाली असं समजायचं. ट्रेनर वजनाआधी फॉर्म बघणारा. प्रोटीन पावडरचा आग्रह पहिल्याच दिवशी धरणारा नको. वेळ दुपारची. माझी शाळा सकाळची असते, आणि दुपारी साडेबारा ते चार जिम जवळपास रिकामी असते. रिकाम्या वेळेला दर कमी करा, असं मी काउंटरवर सांगितलं. त्या मुलीनं मालकांना फोन लावला आणि तिमाही 6,500 चे 5,500 झाले. पुण्यात कुणी सहसा जिमच्या दरात घासाघीस करत नाही. करावी. दुपारचं लोखंड तसंही पडूनच असतं.

मी तीन महिन्यांचे भरले. मोजायचं काय, तेही ठरवलं. फीला हजेरीनं भागायचं नाही. एका वहीत तारीख, मशीन आणि पिन कुठल्या आकड्यावर होती, एवढंच लिहायचं. तिमाही संपताना पिन खाली सरकलेली असेल तर पुढची फी भरायची. जिथल्या तिथं असेल तर ट्रेनरशी बोलायचं, आणि तरीही हलली नाही तर थांबायचं आणि ते पैसे दुसऱ्या कशात घालायचे.

आईचा प्रश्न मात्र तिथं सुटत नाही. ज्यांना सगळ्यात जास्त गरज त्यांना तिथपर्यंत पोहोचताच येत नाही, ही या सगळ्या व्यवसायातली मला सर्वांत मोठी उणीव वाटते. आमची जिम दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. आजूबाजूच्या दोन तळघरात आहेत. गुडघ्यांना ताकद हवी असलेल्या माणसानं आधी चाळीस पायऱ्या चढून दाखवाव्यात, अशी ही व्यवस्था. मी मालकांना तळमजल्यावर आठवड्यातून दोन दुपारी ज्येष्ठांची बॅच काढा असं सुचवलंय. दोन खुर्च्या, थोडे डंबेल्स आणि एक शांत मुलगा, याहून जास्त काही लागत नाही. ‘बघतो,’ म्हणालेत. मी पुन्हा विचारणार आहे.

तोवर आईच्या डॉक्टरांना विचारून ट्रेनरला रविवारी घरी बोलावतो. तो एका वेळचे 500 रुपये घेतो. आधी खुर्चीत दोन उशा घालून ती उंच केली, म्हणजे उठायला सोपं. मग महिन्याभरानं एक उशी काढली. पायाला बांधायची एक किलोची वाळूची पट्टी आणलीय, ती बांधून आई बसल्या बसल्या गुडघा सरळ करते आणि तोंडानं आकडे मोजते. पहिल्या रविवारी तिनं मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं होतं, ‘पाचशे कशाचे गं? नुसतं ऊठ-बस तर करवतो.’ या रविवारी तिनं थेट त्यालाच विचारलं, ‘दीड किलोची मिळते का रे पट्टी?’